‘माझं काय, कुठेही काम मिळेल’

हडपसरच्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. मूळ पत्र चार पानांचं आहे, इथे आटोपशीर करून देते.

‘मावशी, तुम्हाला मावशीच म्हणते आणि तुम्हीही मला अगंतुगंच करा. मी छत्तीस वर्षांची, माहेर साताऱ्याचं. नवरा मूळ सोलापूरचा. सासरे गेल्या वर्षी गेले. सासूबाई बाळीवेशीजवळच्या जुन्या घरात एकट्या असतात. पुण्याला या म्हटलं तर दोन महिन्यांच्या वर राहत नाहीत. ह्यांची कंपनी आता महिन्यातून चार दिवस ऑफिसला या, बाकी काम घरून करा म्हणते. त्यामुळे ह्यांच्या मनाने घेतलंय की सोलापूरला परत जायचं. हडपसरचा फ्लॅट विकायचा, कर्ज फेडायचं, उरलेल्या पैशांत तिकडे ऐसपैस घर घ्यायचं. मुलगी तिसरीत आहे, मुलगा अडीच वर्षांचा. इथलं ट्रॅफिक, शाळेची फी, हप्ते, सगळ्याचाच कंटाळा आलाय हे खरं. सोलापूरला गेलो की आईला सोबत होईल, मुलांना आजी मिळेल. मी फिजिओथेरपिस्ट आहे, एका हॉस्पिटलात सात वर्षं काम करते. माझं काय, कुठेही काम मिळेल. पण माझ्या बहिणी म्हणतात, पुणं सोडून कोणी सोलापूरला जातं का? सासूबाई आणि शेजारणी कन्नडमध्ये बोलतात, मला त्यातलं अक्षर कळत नाही. रात्री झोप लागत नाही. जावं की नाही, तुम्हीच सांगा.’

अगं, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल घेतली. फ्लॅटच्या हप्त्यांवर अर्धं पान आहे. मुलीच्या शाळेवर तेवढंच. ट्रॅफिकवर तर मन मोकळं करून लिहिलं आहेस, मगरपट्ट्याच्या पुलाखालचा तो अर्धा तास मला इथे बसून दिसला. आणि तुझ्या कामावर दीड ओळ. ‘माझं काय, कुठेही काम मिळेल’ अशी संपणारी. त्या दीड ओळीखाली मी रेघ मारून ठेवली आहे, तिच्याकडे येतेच. पण आधी सोलापूरचं सांगते, कारण माझं सगळं आयुष्य, मधली ठाण्याची नऊ वर्षं सोडली तर, इथेच गेलं आहे.

बहिणींना सांग, सोलापूर म्हणजे खेडं नाही. १९६४ पासून इथे महानगरपालिका आहे आणि २०११ च्या जनगणनेतच शहराची वस्ती साडेनऊ लाखांच्या वर गेली होती. शांत, छोटं, टुमदार गाव डोळ्यांसमोर ठेवून येणार असशील तर पहिल्याच आठवड्यात हिरमोड होईल. धूळ आहे, रिक्षांचा गोंगाट आहे, सणावारी डॉल्बी आहे. पण अंतरं लहान आहेत. हडपसरहून डेक्कनला जायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात इथे मुलीला शाळेत सोडून, भाजी घेऊन, सात रस्ता चौकात एखादं काम उरकून माणूस घरी परत येतं. रोजचे दीड-दोन तास हातात उरतात. मी ठाण्याहून आले तेव्हा पहिले काही महिने संध्याकाळी सहाला घरी बसून घड्याळाकडेच बघायची, आता पुढे काय करायचं असं वाटायचं.

बहिणींच्या प्रश्नात तथ्य नाही असंही नाही. कापडगिरण्या एकेक करून बंद पडल्या त्यानंतर या शहराची तरुण पोरं पुण्याला जायला लागली ती अजून जातातच. चादरी आहेत, टॉवेल आहेत, अलीकडे गणवेश शिवण्याचा धंदा चांगला वाढला आहे, पण तुझ्या नवऱ्याच्या कामाच्या कंपन्या इथे हाताच्या बोटांवर मोजाव्या लागतील. त्यांची आजची नोकरी आहे तोवर सगळं छान. ती गेली तर पुढची पुण्यातच शोधावी लागेल, आणि ती कंपनी पुन्हा महिन्यातून चारच दिवस बोलवेल असं कोण सांगणार? म्हणून पहिली गोष्ट, घरून काम करायची जी सवलत आहे ती लेखी आहे का ते बघा. साहेबांनी तोंडी ‘हरकत नाही’ म्हटलेलं पुरत नाही, कारण साहेब बदलतात. सोलापूरला राहायला गेलं तर पगार तोच राहणार का, हेही त्याच पत्रात यायला हवं.

जाण्यायेण्याची काळजी त्या मानाने कमी. हुतात्मा एक्स्प्रेस सकाळी साडेसहाच्या सुमारास सुटते आणि साडेदहापर्यंत पुण्याला पोचवते, संध्याकाळी सहाच्या आसपास तिकडून निघते. फेब्रुवारी २०२३ पासून वंदे भारतही आहे, ती त्याहून लवकर नेते. महिन्यातून चार दिवस हे झेपतं. गाडीने जायचं तर अडीचशे किलोमीटर, रस्ता चौपदरी, वाटेत सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी, पाटस असे चार टोलनाके. खरा वेळ जातो तो उरळीपासून पुढे, आणि ते तुला सांगायला नको.

आता पाणी. हे मी जरा लांबवून सांगणार आहे, कारण सोलापुरात संसार करायचा म्हणजे आठवडा पाण्याच्या दिवसाभोवती बांधायचा, आणि बाहेरून आलेल्या सुनेला हे कोणी आधी सांगत नाही. उजनी धरण शंभर किलोमीटरहून लांब. काही पाणी तिथून थेट जलवाहिनीने येतं, काही भीमेच्या पात्रात सोडून टाकळीजवळ उचलतात, थोडं हिप्परग्याच्या तलावातून. एवढं असून वर्षानुवर्षं बहुतेक भागांत नळाला रोज पाणी नाही. तीन दिवसांनी, चार दिवसांनी, कधी पाच. समांतर जलवाहिनीमुळे हे दिवस पालटतील अशी आशा आम्ही सगळेच धरून आहोत, पण घर आशेवर बघायचं नसतं.

माझ्याकडे पाणी यायचं त्या रात्रीचं सांगते. झोपायच्या आधी हौदाचं झाकण काढून आत बॅटरी मारून बघायची, तळाशी किती उरलंय. गाळ असेल तर तेवढं पाणी उपसून झाडांना. मोटारीचं बटण, पाइप, बादल्या जागेवर. मग पडायचं, पण कान नळाकडे. आधी नळातून नुसती हवा येते, घसा खाकरल्यासारखा आवाज होतो, तेवढ्याने जाग येते. समोरच्या घरात दिवा लागतो, मग शेजारी, आणि गल्लीत कोणीतरी बाई हाक मारते, ‘आलं गं!’ पहिली दहा मिनिटं गढूळ जातं, ते सोडून द्यायचं. मग पिण्याचं भरून फडक्याने गाळून ठेवायचं, मग हौद, मग मोटार लावून गच्चीवरची टाकी. दीड तास. सकाळी सहाला डबे आहेतच. आता सांग, तुमच्या घरी हे दीड तास कोणाचे असतील? मी तुझ्या नवऱ्याला ओळखत नाही, पण त्यांची मीटिंग सकाळी असेल आणि तू ‘घरीच’ असशील, तर नळाच्या आवाजाने जाग कोणाला येईल हे मला माहीत आहे.

घर बघायला जाल तेव्हा एजंटला पाण्याचं विचारू नकोस, तो ‘भरपूर आहे’ म्हणणार. शेजारच्या दारात उभ्या असलेल्या बाईला विचार. कितव्या दिवशी येतं, किती वाजता, जोर किती असतो, उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो का. पाणी सोडणारा चावीवाला कोण आणि त्याचा फोन नंबर तिच्याकडे आहे का. हौद किती लिटरचा ते स्वतः बघ. बोअर असेल तर ते पाणी एका स्टीलच्या पातेल्यात उकळून बघ, कडेला किती पांढरं धरतंय. जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड इकडे नवी घरं आहेत, मोकळंढाकळं आहे, पण पाण्याचं गल्लीगणिक वेगळं आहे.

उन्हाचं थोडक्यात. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळीसच्या वर, बेचाळीस-त्रेचाळीस होतो, दुपारी रस्ते ओस पडतात. हवा कोरडी असल्यामुळे कूलर चांगला चालतो, दमट घामाचा त्रास नाही. पश्चिमेची भिंत आणि वरचा मजला टाळायचा. बाकी अंगवळणी पडतं. तुझी मुलं तर तुझ्या आधी रुळतील.

शाळेबद्दल तू फार घाबरली आहेस, तेवढं कारण नाही. दहावीपर्यंत मराठी, इंग्रजी, राज्य मंडळाच्या आणि केंद्रीय मंडळाच्याही चांगल्या शाळा आहेत आणि फी हडपसरच्या मानाने कमी. पुढे शिकायलाही १९६३ पासूनचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, अभियांत्रिकी आहे, २००४ पासून सोलापूरचं स्वतःचं विद्यापीठ आहे. तरी अकरावी-बारावीला बरीच मुलं लातूर नाहीतर पुणं गाठतात. तुझी मुलगी तिसरीत आहे, त्याला अजून आठ वर्षं. आज त्यावरून झोप घालवू नकोस. उलट इथे ती मैत्रिणींच्या घरी एका संध्याकाळी मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी ऐकून येईल, हे मला मोठं धन वाटतं.

आता त्या दीड ओळीकडे.

मी ठाण्याहून परत आले तेव्हा तिथे एका खासगी कंपनीत हिशेबाचं काम करत होते. चांगली नोकरी होती. आम्हीही सासूबाईंसाठी आलो होतो, आणि मीही तेच म्हटलं होतं जे तू लिहिलंयस. घर लागू दे, पोरं रुळू देत, मग बघते माझं. घर लागलं. पोरं रुळली. मग सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, मग नणंदेचं बाळंतपण, मग धाकट्याची दहावी. माझं ‘मग’ यायला सहा वर्षं लागली. कोणी मला अडवलं नव्हतं बरं. सासूबाई मायाळू होत्या, नवरा भला. पण मी कुठे विचारलंच नव्हतं की माझ्या कामाचं काय, त्यामुळे ते कोणाच्या मनातही आलं नाही. सहा वर्षांनी अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत एका टॉवेलच्या कारखान्याचे हिशेब लिहायला लागले तेव्हा ठाण्यातल्या माझ्या हाताखालची मुलगी तिथे मॅनेजर झाली होती. मला तिचा राग नाही. त्या सहा वर्षांचं मात्र अजून वाईट वाटतं, म्हणून तुला इतकं तळमळून लिहिते आहे.

तुझ्या कामाला सोलापुरात तोटा नाही, हे तू बरोबर लिहिलंस. हे दवाखान्यांचं शहर आहे. धाराशिवकडून, विजापूर, कलबुर्गीकडून पेशंट रोज इथे येतात. हाडांचे डॉक्टर भरपूर, अर्धांगाचे पेशंट भरपूर. तुझी नोंदणी राज्याच्या परिषदेची आहे, त्यामुळे कागदाचीही अडचण नाही. पण पुण्यातल्यासारखी पगारी जागा, ठरलेले तास, पीएफ, हे इथे फार थोड्या ठिकाणी मिळेल आणि पगार ऐकून तू हिरमुसशील. इथे तुझ्या क्षेत्रातल्या बहुतेक जणी एक तर डॉक्टरांच्या दवाखान्यात अर्धा दिवस बसतात आणि उरलेला दिवस घरोघरी जाऊन व्हिजिट करतात, नाहीतर स्वतःचं छोटं सेंटर काढतात. म्हणजे तू नोकरदाराची व्यावसायिक होणार. हाडांचे डॉक्टर तुला ओळखायला लागेपर्यंत, पहिले पेशंट बरे होऊन दुसऱ्यांना सांगेपर्यंत दीड-दोन वर्षं जातात. तेवढे दिवस तुझी कमाई आजच्या निम्मीही नसेल. त्याची तजवीज आत्ताच करायला हवी, आणि ती घरखर्चात उरेल त्यातून करायची नाही.

पेशंटही वेगळे असतील. पूर्व भागात, अशोक चौक, कन्ना चौकाच्या बाजूला, यंत्रमागावर आयुष्य घालवलेली माणसं आहेत, त्यांचे खांदे आणि कंबर तू हात लावताच ओळखशील. विड्या वळणाऱ्या हजारो बायका आहेत. मांडीवर सूप, त्यात तेंदूची पानं आणि तंबाखू, मान खाली, दिवसाचे दहा-दहा तास. मजुरी हजार विड्यांवर मिळते. अशा बाईला ‘रोज सकाळी अकराला या, पंधरा दिवस’ म्हटलंस तर ती एकदाच येईल, कारण अकराची वेळ म्हणजे तिच्या दोनशे विड्या. संध्याकाळी सातनंतर सेंटर उघडं ठेवलंस, बसल्या जागी सूप न हलवता करता येतील असे चार व्यायाम शिकवलेस, तर ती शेजारणीलाही घेऊन येईल.

आणि भाषा. माझ्या आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं तेव्हा व्यायाम घ्यायला एक मुलगी घरी यायची, पंचविशीची असेल. आई अंथरुणावरून पाय उचलायलाच तयार नव्हती, भीती बसली होती. आईच्या शेजारच्या कॉटवर तेव्हा आमच्याकडे राहायला आलेली तिची बालमैत्रीण पद्मा असायची, तिचंही गुडघ्याचं दुखणं. ती मुलगी पद्मामावशीचा पाय हातात धरून तेलुगूत मोजायची, ‘ओकटी, रेंडू, मूडू’, आणि लगेच आईकडे वळून मराठीत, ‘एक, दोन, तीन’. दोघींची चढाओढ लागली. तिसऱ्या आठवड्यात आई वॉकर धरून मोरीपर्यंत गेली. त्या मुलीला तेलुगू फक्त दहापर्यंत येत होतं, पुढे जायचं झालं की ती परत एकपासून सुरू करायची. म्हणून तुला कन्नडचं अक्षर कळत नाही हे जे तू काळजीच्या यादीत लिहिलंयस, ते मी तिथून काढून टाकलं आहे. ते तुझ्या सेंटरच्या तयारीत घाल.

आता थोडं कडू. ‘आईला सोबत होईल’ हे वाक्य तुझ्या नवऱ्याचं आहे ना? त्यांचं प्रेम खरं आहे, शंका नाही. पण सकाळी नऊ ते रात्री सात ते दार लावून, कानाला हेडफोन लावून कामात असणार. सासूबाईंना जी सोबत होणार ती तुझी. अडीच वर्षांचा मुलगा, पाण्याचा दिवस, दारावर आलेला सिलिंडरवाला, नातेवाइकांची ये-जा, हे सगळं त्याच नऊ ते सातमध्ये येतं. म्हणून निर्णयाच्या आधी दोघांनी कागद घेऊन बसा आणि सोमवार ते शनिवार कोण कधी काय करणार ते लिहा. मुलाला पाळणाघर की सांभाळणाऱ्या ताई? सासूबाईंवर त्याचा भार टाकायचा नाही. त्यांचा जोडीदार नुकताच गेला आहे आणि अडीच वर्षांच्या मुलामागे धावायचं त्यांचं वय नाही. त्यांना विचारलंत का, की तुम्ही येऊन त्यांच्या घरात राहावं असं त्यांना खरंच वाटतं का? तुझ्या चार पानांत त्या पुण्याला येत नाहीत एवढंच आहे. कदाचित त्यांना तुम्ही गावात, हाकेच्या अंतरावर हवे असाल, आणि सकाळची पूजा मात्र आपल्या घरात एकटीने करायची असेल. बाळीवेशीत गाडी लावायलाही जागा मिळत नाही, त्यामुळे वेगळं घर घेतलंत तर कोणी वावगं समजणार नाही.

नवऱ्याबद्दल आणखी एक. बाळीवेशीत वाढलेल्या मुलाला सोलापूर म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेला हिरेहब्बू वाड्यातून सात नंदीध्वज निघतात, पांढरी बाराबंदी घातलेली माणसं, अक्षता सोहळा, होम मैदानावर गड्डा म्हणजे जत्रा. ते दिवस आठवले की परदेशात बसलेला सोलापूरकरही कासावीस होतो, माझ्याही डोळ्यांत पाणी येतं. पण ते त्यांचं बालपणाचं गाव आहे. त्यांचे मित्र पुण्यात, बेंगळुरूत आहेत. ऑगस्टमधल्या एखाद्या साध्या मंगळवारी त्यांना इथे कसं वाटतं ते त्यांनाही अजून माहीत नाही.

माझं मत विचारशील तर या. पण फ्लॅट विकून येऊ नका. यावर मी ठाम आहे. हडपसरचा फ्लॅट अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने द्या, भाड्यातून हप्त्याचा बराच भाग निघेल, आणि इथे वर्षभर भाड्याच्या घरात राहा. इथली भाडी पुण्याहून पुष्कळ कमी आहेत. विकलेला फ्लॅट त्याच भावात परत मिळत नाही, आणि परतीची वाट बंद झाली की माणूस गावावर नाही तर एकमेकांवर चिडायला लागतं. वर्षाने तुम्हा चौघांना इथलं पाणी मानवलं, तर मग विका आणि हवं तसं घर बांधा.

आणि यायच्या आधी मे महिन्यात पंधरा दिवस येऊन राहा. दिवाळीत नको, गड्ड्याला तर नकोच, त्या दिवसांत कोणालाही हे शहर आवडतं. मुलीला सुट्टी असेलच. नवऱ्याने सुट्टी न घेता इथूनच रोजचं काम करावं, म्हणजे इंटरनेट किती टिकतं, दुपारी लाइट जाते का, आई किती वेळा दार वाजवतात, सगळं कळेल. तू त्या पंधरा दिवसांत हाडांच्या तीन-चार डॉक्टरांना जाऊन भेट. फोनवर नाही, समोर. तुझा अनुभव सांग, अर्धा दिवस बसायला देतील का विचार, व्हिजिटचे किती घेतात ते इथल्याच एखाद्या फिजिओला विचार, त्या सांगतात. सध्याच्या हॉस्पिटलचा राजीनामा तोवर अजिबात द्यायचा नाही. बिनपगारी रजा मिळते का ते बघ. आणि फ्लॅटच्या भाड्यातून इथलं घरभाडं वजा जाता जे वाचेल, त्यातले पहिल्या दीड वर्षाचे पैसे तुझ्या सेंटरच्या नावाने वेगळ्या खात्यात पडतील, हे नवऱ्याकडून आत्ताच कबूल करून घे. एक प्लिंथ म्हणजे व्यायाम घ्यायची कॉट, एक मशीन, भाड्याची एक खोली, एवढ्याने सुरुवात होते, हे तुला माझ्याहून जास्त कळतं. ते हो म्हणाले तर निम्मी काळजी मिटली. काचकूच केली, तर सोलापूरचा प्रश्न बाजूला ठेव आणि आधी ते बोलणं पूर्ण कर.

एवढ्या रविवारी सासूबाईंना फोन लाव आणि कन्नडमधले आकडे विचार. ओंदु, एरडु, मूरु, इथपर्यंत मी सांगितले, पुढचे त्यांच्याकडून शिक. दहापर्यंत आले की मला लिही, आणि मे महिन्यात आलीस की संध्याकाळी घरी ये. पाण्याचा दिवस असला तर थोडी उशिरा ये.